भर दुपारी लागलेला टीव्ही

अंगद वायरमन मनानं वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडतील. मोडायला हरकत नाही, पण निदान माणूस कोण ते तरी कळू द्या.

आष्टीपासून जीपनं अर्ध्या तासावर त्याचं गाव. दसरा झाला की हे गाव रिकामं होतं. कोयते, भांडीकुंडी, शेरडं, लेकरं सगळं ट्रकात घालून माणसं कारखान्यांकडं ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. मागं उरतात म्हातारी माणसं, दुकानदार आणि दारादारावरची कुलपं. अंगदनंही तरणेपणी दोन हंगाम कोयता धरला. तिसऱ्या हंगामात डाव्या हाताचा अर्धा अंगठा उसाबरोबर तुटून गेला. मग तो आष्टीत मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसला, तिथं वायरिंग शिकला, गावात येऊन दुकान टाकलं, उज्ज्वलाशी लग्न केलं, आणि आज आजूबाजूच्या पाच गावांत कुणाचाही बोर्ड जळाला तर अंगदलाच हाक जाते. उरलेला अंगठा नाचवत तो येईल त्याला सांगतो की अंगठा गेला म्हणून डोकं चाललं, न्हाईतर अजून मोळ्याच बांधत बसलो असतो. बोलायची भारी हौस. चार माणसं भोवती जमली की गडी फुलतो. सगळं घडलं ते या हौसेपायीच.

आता भामाबाईचं सांगायला हवं. तोडीला जाणाऱ्या माणसाला पोटाचा घोर असतोच, पण त्याहून मोठा घोर बंद घराचा. पाच-सहा महिने घरात झाडू नाही, दिवा नाही. चोराला आणखी काय पाहिजे? त्यावर गावानं एक सोय लावली होती. जाताना घराची किल्ली भामाबाईच्या हातात द्यायची. भामाबाई बुद्धविहाराच्या मागं राहते. नवरा शहादेव होता तोवर दोघंही ऊस तोडायला जात. तो वारला, तिचे गुडघे गेले, मग मुलगा बाळू आणि सून जाऊ लागले आणि ती मागं राहू लागली. पंधरा वर्षं झाली त्याला. अकरा घरांच्या अकरा किल्ल्या ती कमरेला खोचून असायची. सकाळी अंगणं झाडायची, तुळशीला पाणी घालायची, अधूनमधून दारं उघडून घराला वारा द्यायची आणि दिवेलागणीला घरोघर जाऊन पुढच्या खोलीतला बल्ब लावून यायची. इतक्या वर्षांत कुणाची काडी इकडची तिकडं झाली नाही. तरी काही घरांत स्वयंपाकघराच्या दाराला निराळं कुलूप असायचं आणि त्याची किल्ली घरवाले सोबत न्यायचे. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी अंगदनं नगरला एका दुकानात मोबाईलवर चालणारे प्लग पाहिले आणि त्याचा जीव तिथंच अडकला. भिंतीतल्या सॉकेटात हा प्लग खोचायचा, त्यात बल्बची नाहीतर टीव्हीची पिन घालायची, आणि मग माणूस कुठंही असो, मोबाईलवर बोट ठेवलं की घरात बल्ब लागतो. वेळ लावून ठेवली की बोटही ठेवावं लागत नाही. पहिले दोन नग त्यानं राधाकिशनच्या घरात बसवली. राधाकिशन हा टोळीचा मुकादम, हाताखाली चाळीस कोयते, म्हणजे चाळीस जोडपी, बाळूही त्याच्याच टोळीत. त्याच्या घरात अंगदनं सिमवर चालणारा वायफायचा डबा ठेवला, आणि त्याच डब्याच्या जोरावर गल्लीतल्या आणखी पाच घरांत प्लग खोचले. साडेसहाला बल्ब. राधाकिशनच्या घरात आठला टीव्हीही, तासभर, म्हणजे बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत माणसं बसलीत. कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी खोपीत बसून राधाकिशन मोबाईलवर बघायचा आणि बायकोला, तुळजाबाईला, म्हणायचा की लागला बघ आपल्या घरात दिवा. तुळजाबाई मोबाईललाच हात जोडायची.

भामाबाईला याचं वाईट वाटलं का? मुळीच नाही. तिनं अंगदला सांगितलं की बरं केलंस बाबा, अंधार पडला की मला रस्त्यातला धोंडा दिसत न्हाई. किल्ल्या तिच्याकडंच राहिल्या, सकाळचं काम राहिलं, उरलेल्या पाच घरांतला दिवा राहिला. तुळशीला पाणी घालणारा प्लग अजून निघालेला नाही.

इथवर अंगदचं काही चुकलं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. घर कुणाचंही असो, प्लग बसवताना तो छातीठोक सांगायचा की हे फक्त तुमच्या मोबाईलात, दुसऱ्या कुणाच्या बापाला चालवता येणार न्हाई. प्रत्यक्षात तोडीला जायच्या घाईत कोण पासवर्ड करत बसणार, आणि केला तर आठवडाभरात विसरणार. म्हणून त्यानं सगळी घरं आधी स्वतःच्या मोबाईलात चढवली आणि मग एकेकाला त्याच्या घरापुरती वाट उघडून दिली. म्हणजे सहा बंद घरांची बटणं अंगदच्या खिशात होती. त्यानं वाकडं काही करायचं ठरवलं नव्हतं. सोयीचं पडलं म्हणून केलं, आणि सांगायचं राहून गेलं, असं तो मनाशी म्हणायचा.

मग आला आष्टीचा बाजार. बाजारच्या दिवशी अंगद स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसायचा आणि तिथं त्याची सभा भरायची. प्लग टेबलावर ठेवून सांगायला लागला की लोक हसायचे, म्हणायचे की काही सांगतो बे, इथून बसून तिकडं काय लागतंय. मग अंगदला चेव यायचा. तो मोबाईल काढायचा आणि राधाकिशनच्या घरातला टीव्ही लावायचा. बल्ब लावून उपयोग नव्हता, बल्बचा आकडा नऊवर अडायचा. टीव्हीचं तसं नाही. बटण दाबलं की मोबाईलवर वीज खाल्ल्याचा आकडा झर्रकन सत्तरवर, ऐंशीवर चढायचा आणि भोवतीची डोकी आ वासून पुढं झुकायची. हा बघा, बंद घर, माणूस न्हाई काणूस न्हाई आणि टीव्ही चालू, असं म्हणून अंगद खुर्चीत मागं रेलायचा. मग बंद करून टाकायचा. असं दोन बाजार झालं. तिसऱ्या बाजारी एक गिऱ्हाईक त्याला आपलं घर दाखवायला घेऊन गेलं आणि या गड्याच्या ध्यानातून टीव्ही बंद करायचाच राहिला.

त्या दुपारी भामाबाईला राधाकिशनचं अंगण झाडायला उशीर झाला होता. सकाळी गुडघा धरला म्हणून ती ऊन कलायच्या आत आली, झाडू लागली, आणि कुलूपबंद घरात एकदम गाणी वाजायला लागली. ती दचकली. कुलूप काढून आत गेली, टीव्हीसमोर उभी राहिली. बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं. प्लगला हात लावू नको असं अंगदनंच बजावलेलं. दोन मिनिटं उभी राहून ती बाहेर आली, कुलूप लावलं आणि गेली. समोरच्या सुभद्राबाईनं नेमकं तेवढं पाहिलं. आत टीव्ही चालू आणि भामाबाई कुलूप लावून निघाली.

सुभद्राबाईनं तुळजाबाईला फोन लावला. राधाकिशननं मोबाईल उघडून जुनी नोंद काढली. टीव्ही एकदाच नाही, तीन वेळा भर दुपारी लागलेला होता. कधी लागला ते नोंद दाखवत होती, कुणी लावला ते दाखवत नव्हती. त्यानं लगेच अंगदला फोन केला. अंगद तेव्हा दुकानात मिक्सर उघडून बसलेला. राधाकिशननं एवढंच विचारलं, "हा प्लग मोबाईलबिगर, हातानं लावता येतो का?"

अंगदला सगळं कळलं. एका क्षणात कळलं.

"येतो की," तो म्हणाला. "बारीक बटण हाय त्याला बाजूला."

"बास," राधाकिशन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आता बघा, यात खोटं काय बोलला तो? बटण आहेच. हातानं लावता येतोच. जेवढं विचारलं तेवढं खरं सांगितलं. अंगदनंही स्वतःची समजूत अशीच घातली, आणि ती समजूत संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही. पुढं होऊन सांगावं तर सहा घरांची बटणं खिशात असल्याचं फुटणार, धंदा बसणार, लोक म्हणणार हा आमच्या घरात डोकावतो. म्हातारीला काय, चार शब्द बोलतील आणि सोडून देतील, असा त्यानं हिशेब केला. उज्ज्वलानं दोनदा भाकरी वाढू का विचारलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

चार शब्दांवर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांच्या ओट्यावर बैठक बसली. बबनराव म्हणजे राधाकिशनचे चुलतभाऊ, माजी सरपंच. अंगदला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण यंत्रातलं त्यालाच कळतं. भामाबाई खाली अंगणात उभी होती. राधाकिशन आणि तुळजाबाई फोनवर होते आणि फोन ओट्यावर मधोमध उपडा न ठेवता सरळ ठेवला होता, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

बबनरावांनी विचारलं तेव्हा भामाबाईनं घडलं ते सांगितलं. अंगण झाडीत होते, आत टीव्ही आपुआप लागला, बघायला गेले, बंद करता येईना म्हणून आले. ओट्यावरचा एकही माणूस तिच्याकडं नीट बघेना. त्याच घरात रोज साडेसहाला बल्ब आपोआप लागतो, आठला टीव्ही आपोआप लागतो, त्याचं सगळ्या गावाला कौतुक. पण भामाबाई 'आपोआप' म्हणाली की ती खोटारडी. या गावाच्या अकलेला काय म्हणावं! फोनमधून तुळजाबाईचा आवाज आला की आमच्याच गादीवर बसून बघत असंल, आता आल्यावर गादीचे अभ्रे धुवायला काढावे लागतील. भामाबाईनं मान खाली घातली ती तेव्हा.

बबनराव अंगदकडं वळले. "काय रे, तुझं यंत्र खोटं दाखवंल का?"

सगळे अंगदच्या तोंडाकडं बघत होते. भामाबाईही बघत होती, आणि तिच्या बघण्यात भरवसा होता. हा पोरगा यंत्रातलं जाणतो, हा काहीतरी सांगेल असा.

"यंत्र खोटं दाखवत न्हाई, आण्णा," तो म्हणाला.

हेही खरंच होतं.

भामाबाईनं कमरेची त्या घराची किल्ली सोडून ओट्याच्या कडेला ठेवली. बबनराव म्हणाले, सगळ्याच ठेव. तिनं एकेक करून अकरा किल्ल्या ठेवल्या आणि निघून गेली. अंगदही उठला. बबनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की तुझ्या यंत्रानं बरं केलं, न्हाईतर कळलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी भामाबाई त्याच्या दुकानात आली. दुकानाची पायरी चढली नाही, रस्त्यावरूनच बोलली. यंत्रावर तिचा राग नव्हता. उलट यंत्रावरच तिची सगळी भिस्त होती. तिला वाटत होतं की ज्या यंत्रात वेळ दिसते त्यात माणूसही दिसत असणार, मुकादमाला तो काढता आला नसंल, अंगदला येईल.

"तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली. "कुणी लावला तेवढं बघ. माझं नाव निघालं तर मी गाव सोडून जाईन."

अंगदनं मोबाईल काढला. काढून उगाच वर-खाली केला. तिन्ही बाजारांचे दिवस समोर होते, वेळा समोर होत्या, त्या वेळी आपण हॉटेलात कुठल्या खुर्चीवर बसलो होतो तेही त्याला आठवत होतं. भामाबाई टाचा उंचावून पडद्याकडं बघत होती, वाचता येत नव्हतं तरी.

"यात तसं दिसत न्हाई, मावशी," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं दिसत असंल."

आतापर्यंत तो खऱ्याच्या आडोशानं बसला होता. हेही बोलणं तसं खरंच, पण त्या आडोशाला आता बसवेना. त्या दिवसापासून माणूस आतून पोखरायला लागला. बाजारात जायचं त्यानं सोडलं. हॉटेलवाल्यानं निरोप धाडला तर अंग दुखतंय म्हणून सांगितलं. मोबाईलातून राधाकिशनचं घर काढून टाकलं, मग बाकीची पाचही काढून टाकली, आणि वाटलं आता मोकळं झालो. तर कसलं मोकळं? पाप पुसायचं बटण काही मोबाईलात नसतं. रस्त्यात भामाबाई लांबून दिसली की तो बोळात शिरायचा. स्वतःची लाज वाटायची आणि त्या लाजेचाही राग यायचा.

मग त्यानं दुसराच उद्योग केला. एक नवा प्लग आणि बल्ब घेऊन भामाबाईच्या घरी गेला. म्हणाला, मावशी, हा तुला फुकट, वेळेवर दिवा लागंल, उठायला नको. भामाबाईनं प्लग हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. ती म्हणाली की मला कशाला, मी आता घरीच असते की. एवढं साधं बोलली ती, पण अंगदला कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

तिकडं फडावरही गोष्ट पोचली होती. पाण्याच्या टाकीवर बाया बाळूच्या बायकोला बोलायच्या की तुझी सासू मुकादमाच्या गादीवर बसून टीव्ही बघती म्हणं. बाळूनं आईला फोन करून विचारलं की तू कशाला गेलीस आत. पोटच्या पोरानंही 'खरंच लावलास का' असं विचारलं नाही. हे सगळं उज्ज्वलाला कळायचं, कारण भामाबाईच्या शेजारच्या बायकांबरोबर ती बचत गटात होती, आणि जेवताना ती अंगदला सांगायची. अंगद भाकरीचा घास तोंडात घोळवत बसायचा.

मार्च लागला. टोळी पंधरा-वीस दिवसांत येणार अशी बातमी होती. एका सकाळी उज्ज्वला चहा देता देता म्हणाली की भामामावशीनं विहाराची किल्ली परत दिली. शहादेव होता तेव्हापासून ती किल्ली त्या घरात होती. कुणी मागितली नव्हती. विहारातली माणसं उलट म्हणाली की मावशी, तुझ्यावर आमचा विश्वास हाय. तर ती म्हणाली, माझ्याकडं नको, उद्या काही इकडचं तिकडं झालं तर तुमालाबी खाली बघावं लागंल. वंदनेलाही आता ती दाराजवळ मागं बसते, पहिल्यासारखी पुढं येत नाही.

अंगदनं चहाचा कप खाली ठेवला. इतके दिवस त्याला वाटत होतं की गावानं तिच्या किल्ल्या घेतल्या. आज कळलं की तिनं स्वतःच स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. जी बाई पंधरा वर्षं अकरा घरांत एकटी फिरली, ती आता स्वतःच्याच हातांना भ्यायला लागली होती, आणि हे आपण केलं. त्याला बसवेना. उज्ज्वलाला त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली की चहा राहू द्या, आधी जाऊन या.

भामाबाई दारात तुरी निवडत बसली होती. अंगद तिच्यासमोर उकिडवा बसला. वाटेत त्यानं बरंच जुळवलं होतं, हौस कशी, घाई कशी, धंदा कसा. त्यातलं काही तोंडातून निघेना.

"मावशी, टीव्ही मी लावलता," तो म्हणाला. "आष्टीच्या बाजारात बसून, मोबाईलवरून. तिन्ही बार मीच."

तिचे हात थांबले. तिनं विचारलं की बाजारात बटण दाबल्यावर इथं लागतो का? तो म्हणाला, लागतो. तिनं विचारलं, त्या दिवशी तू ओट्यावर बसलाच होतास की? तो म्हणाला, होतो. मी दुकानात आलते तेव्हा? तेव्हाही माहीत होतं, तो म्हणाला. आणि मग त्याला रडू फुटलं. चाळिशीतला बाप्या माणूस, भर सकाळी, हुंदके देऊन रडला. तिच्या पायांकडं हात नेला तर तिनं पाय मागं घेतले. पण खरं सांगायचं तर रडता रडता त्याला बरं वाटत होतं. महिनाभराचं ओझं उतरत होतं. आता ती शिव्या देईल, नाहीतर जाऊ दे लेकरा म्हणेल, काहीही म्हणाली तरी सुटलो, असं त्याला वाटत होतं.

भामाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"मला कावून सांगायलास?" ती म्हणाली. "मी लावला न्हाई हे मला पयल्यापासून ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांग."

अंगद डोळे पुसून उठला. थेट बबनरावांच्या ओट्यावर गेला. बबनराव पेपर वाचत होते, दोघं-तिघं माणसं होती, समोरून सुभद्राबाई दूध घेऊन चालली होती तिलाही त्यानं थांबवलं. बसला नाही. उभ्यानंच सांगितलं, काही हातचं न राखता. सहा घरांची बटणं माझ्या मोबाईलात होती हेही सांगितलं. बाजारात माणसं जमवायला टीव्ही लावायचो हेही सांगितलं. भामामावशीनं प्लगला बोटसुद्धा लावलेलं नाही हे दोनदा सांगितलं. आता हे आपल्याला ओट्याखाली उभं करतील, गावातून धंदा उठवतील, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. केलंच पाहिजे असं त्याला वाटत होतं.

बबनरावांनी पेपर मांडीवर ठेवला आणि ते खो खो हसत सुटले. बाकीचेही हसले. एक जण म्हणाला, लई बिलंदर हाय बे तू, मुकादमाच्या टीव्हीवर दुकान चालवलं! सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसत हसत गेली. बबनरावांनी स्वतः राधाकिशनला फोन लावून दिला. अंगदनं पुन्हा सगळं सांगितलं, फोन गच्च धरून. पलीकडं राधाकिशनही हसला. म्हणाला की तूच व्हय लेका, आल्यावर तुझ्याकडून बोकड कापून घेतो बघ. वर हेही म्हणाला की पुढच्या हंगामाला आणखी दोन प्लग बसवायचे आहेत.

"आन् भामामावशीच्या किल्ल्या?" अंगदनं विचारलं.

राधाकिशननं ते आण्णाला विचार म्हणून फोन ठेवला. बबनराव म्हणाले की असू दे आता, पंधरा दिवसांत सगळे घरला येतायत, कशाला पुन्हा ने-आण. शिवाय म्हातारी झाली ती, तिलाच झेपत नव्हतं. अंगद म्हणाला की आण्णा, निदान तिला बोलावून सांगा, सगळ्यांसमोर घेतल्यात तर सगळ्यांसमोर सांगा. बबनरावांनी पेपर पुन्हा उचलला. म्हणाले, तू सांगितलंस न्हवं, झालं की. एवढंसं ते, किती ताणशील. आणि त्यांनी आतमध्ये चहा टाकायला सांगितला, अंगदसाठीही.

चहा न घेता तो खाली उतरला. कुणी त्याला चोर म्हटलं नव्हतं. कुणी खाली उभं केलं नव्हतं. धंदाही जाणार नव्हता. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि इतक्या स्वस्तात झालेली सुटका त्याच्या अंगाला आगीसारखी लागत होती. घराकडं वळावं असं मन म्हणत होतं. तो विहाराच्या मागं गेला.

भामाबाई अजून दारातच होती. तुरी निवडून झाल्या होत्या, ती नुसतीच बसली होती. त्याला बघून तिनं मान वर केली.

"सांगितलंस?"

"सांगितलं. समद्यांना सांगितलं. मुकादमालाबी."

"काय म्हणले?"

अंगदला इथंही काहीतरी बरं सांगता आलं असतं. आण्णा लई हळहळले, उद्या येणारच हायत, असं काहीतरी. पण आता खोटं बोलायचं त्यानं सोडलं होतं, आणि खऱ्याच्या आड लपायचंही.

"हसले," तो म्हणाला.

भामाबाईनं निवडलेल्या तुरींचं सूप उचलून मांडीवर घेतलं.

"माझ्या टायमाला कुणी हसलं न्हाई, अंगदा," ती म्हणाली.